लॉग लगेच डिस्कवर हवा: फ्लश पुरेल की एफसिंक लागेल?

प्रश्न थोडक्यात असा. रास्पबेरी पायवर (एका बोर्डाचा छोटा संगणक) पायथनचा एक प्रोग्रॅम सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस म्हणून चालतो. दर १० सेकंदांनी सेन्सरचं रीडिंग घेतो आणि प्रिंटने एक ओळ लिहितो. आउटपुट फाइलमध्ये वळवलेलं आहे. टर्मिनलवर चालवला तेव्हा सगळं नीट दिसत होतं. सर्व्हिस केल्यापासून मात्र टेल (फाइलच्या शेवटी येणाऱ्या ओळी दाखवणारी कमांड) लावून बसलं तर पंधरा-वीस मिनिटं शुकशुकाट, आणि मग एकदम शंभरेक ओळी. सर्व्हिस थांबवली की शेवटच्या ओळी गायब, आणि वीज गेली तरी तेच. यूपीएस नाही. तेव्हा प्रत्येक ओळीनंतर एफसिंक (मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत थांबणारा कॉल) करावं, की फाइल दर वेळी उघडून बंद करावी?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. ओळ तुमच्या प्रोग्रॅममधून बाहेर पडते का, हा पहिला. बाहेर पडलेली ओळ एसडी कार्डावर कधी उतरते, हा दुसरा. तुमचं ९५ टक्के दुखणं पहिल्यात आहे आणि एफसिंक हे दुसऱ्याचं औषध.

आधी तुमच्याच आकड्यांवरून निदान करू. पायथन ३ च्या बहुतेक आवृत्त्यांत फाइलसाठीचा बफर (लिहायचा मजकूर तात्पुरता साठवणारी मेमरीतली जागा) ८१९२ बाइटांचा असतो. वेळ, सेन्सरचं नाव आणि दोन-तीन आकडे मिळून तुमची ओळ साधारण ८० बाइटांची धरू. ८१९२ भागिले ८० म्हणजे १०२ ओळी. दहा सेकंदांना एक, म्हणजे १०२० सेकंद, म्हणजेच १७ मिनिटं. तुमची ‘पंधरा-वीस मिनिटं’ आणि ‘शंभरेक ओळी’ तंतोतंत इथून आल्या आहेत. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) किंवा कार्ड यात अजून आलेलंच नाही. ओळी तुमच्या प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत, बफर भरण्याची वाट बघत बसलेल्या असतात.

टर्मिनलवर हे का जाणवलं नाही? स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलला जोडलेलं असेल तर प्रत्येक ओळ संपली की बफर रिकामा होतो. तेच आउटपुट फाइल, पाइप किंवा सॉकेटकडे वळवलं की बफर पूर्ण भरल्याशिवाय काही बाहेर जात नाही. ही चाल मुळात सी लायब्ररीची. पायथनने बफर स्वतःचा बांधला तरी रीत तीच ठेवली. सी प्रोग्रॅममध्ये तर हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं: मेलेल्या प्रोग्रॅमच्या लॉग फाइलचा आकार ४०९६ च्या नेमक्या पटीत असेल आणि शेवटची ओळ शब्दाच्या मध्येच तुटलेली असेल, तर बाकीचा मजकूर बफरमध्येच गेला. स्टँडर्ड एररचं तसं नाही. सीमध्ये त्याला बफरच नसतो आणि पायथन ३.९ पासून तो कुठेही वळवला तरी ओळीओळीने बाहेर पडतो. म्हणून दोन्ही एकाच फाइलमध्ये वळवले की एररचा मजकूर वर आणि त्याच्या आधीच्या प्रिंटच्या ओळी खाली, असं उलटंपालटं दिसतं. लोक मग घड्याळाला दोष देतात.

आता सर्व्हिस थांबवल्यावर ओळी का जातात ते बघा. सिस्टमडी थांबवताना सिगटर्म हा ‘बंद हो’ सांगणारा सिग्नल पाठवतो. पायथन या सिग्नलसाठी स्वतःहून काही बंदोबस्त करत नाही, त्यामुळे प्रोसेस जागच्या जागी संपते आणि बफर झटकण्याची, म्हणजे फ्लश करण्याची, वेळच येत नाही. कंट्रोल-सीने थांबवलं की मात्र कीबोर्ड इंटरप्टचं एक्सेप्शन येतं, प्रोग्रॅम रीतसर बंद होतो आणि ओळी वाचतात. म्हणूनच हाताने चाचणी करताना हा दोष सापडत नाही. मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रोसेस मारली तर सिगकिल हा अडवता न येणारा सिग्नल येतो, आणि तिथे कोणालाच काही करता येत नाही. सी प्रोग्रॅममध्ये अबॉर्ट झालं तर पूर्वी जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) बफर झटकून द्यायची, २.२७ पासून तेही बंद झालं. थोडक्यात, ‘बंद होताना फ्लश करीन’ या भरवशावर लॉग ठेवू नये. लॉग सगळ्यात जास्त लागतो तो नेमका प्रोग्रॅम धडपणे बंद होत नाही तेव्हा.

उपाय सोपा आहे. सर्व्हिसच्या फाइलमध्ये पायथनअनबफर्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा (नाव सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, सलग), किंवा पायथन चालवताना ‘-यू’ हा पर्याय द्या. कोडला हातही लावावा लागत नाही. फक्त काही ओळींपुरतं हवं असेल तर प्रिंटला ‘फ्लश=ट्रू’ देता येतं. फाइल तुम्हीच उघडत असाल तर उघडताना ‘बफरिंग=१’ द्या, मग टेक्स्ट मोडमध्ये ओळीगणिक फ्लश होतो. माझं मत विचाराल तर प्रिंट सोडा आणि लॉगिंग मॉड्यूल घ्या. त्याचा फाइल हँडलर प्रत्येक नोंदीनंतर स्वतःच फ्लश करतो, आणि वेळ, पातळी वगैरे फुकटात मिळतं.

सी किंवा सी++ वाल्यांसाठी हेच: सुरुवातीला, पहिली ओळ लिहिण्याआधी, सेटव्हीबफने लाइन बफरिंग मागून घ्या. विंडोजवर मात्र मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत लाइन बफरिंग असं काही नाही. मागितलं तरी पूर्ण बफरिंगच मिळतं, तिथे प्रत्येक नोंदीनंतर एफफ्लश बोलवावं लागतं. दुसऱ्याचा प्रोग्रॅम असेल आणि सोर्स हातात नसेल तर एसटीडीबफ ही कमांड कामाची आहे. पण ती सी लायब्ररीत मध्येच शिरून काम करते, त्यामुळे स्टॅटिक बांधलेल्या प्रोग्रॅमवर आणि पायथनवर तिचा काही उपयोग नाही. मध्ये पाइप असतील तर प्रत्येक टप्प्याचा बफर वेगळा हे लक्षात ठेवा. ग्रेपला (ओळी शोधणारी कमांड) ‘लाइन-बफर्ड’ पर्याय आणि सेडला (मजकूर बदलणारी कमांड) ‘-यू’ दिला नाही तर मूळ प्रोग्रॅम कितीही तत्पर असो, ओळी ग्रेपच्या पोटात अडकतात.

फाइल दर वेळी उघडून बंद करण्याबद्दल. क्लोज करताना बफर झटकला जातो, म्हणून तो जुगाड ‘चालतो’ असं वाटतं. पण क्लोजमुळे डिस्कवर लिहिलं जाण्याची हमी मिळत नाही. म्हणजे जे काम फ्लशने होतं तेच, जास्त खटाटोप करून. वर लॉग रोटेशन (जुनी लॉग फाइल बाजूला करून नवी सुरू करणं) चालू असताना ओळ कोणत्या फाइलमध्ये जाईल याचाही घोळ होतो.

आता दुसरा प्रश्न. फ्लश झाला, ओळ कर्नलकडे गेली. इथे एक गोष्ट मनात पक्की असू द्या: कर्नलच्या पेज कॅशेत (डिस्कवर जाण्याआधी मजकूर ठेवण्याची कर्नलची मेमरी) गेलेली ओळ तुमचा प्रोग्रॅम मेला तरी मरत नाही. सिगकिल, सेगफॉल्ट, काहीही होवो, ओळ फाइलमध्ये दिसणारच. ती जाते फक्त मशीनच बंद पडलं तर, म्हणजे वीज गेली किंवा कर्नल पॅनिक झालं तर.

कर्नल ती ओळ किती वेळ धरून ठेवतो? लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांहून जुनी झालेली पानं (त्या मेमरीचे तुकडे) लिहायला काढली जातात आणि हे बघणारा धागा (थ्रेड) दर ५ सेकंदांनी जागा होतो. ईएक्सटी४ या फाइल सिस्टमचा जर्नल (बदलांची नोंदवही) आणखी ५ सेकंदांनी कमिट होतो. सगळं जमेस धरलं तर वीज गेल्यावर साधारण शेवटची ४० सेकंदं धोक्यात, म्हणजे तुमच्या चार ओळी. आजवर वीज गेली की तुमच्या शंभर ओळी जायच्या, त्यातल्या ९६ बफरच्या नावावर होत्या. एकही एफसिंक न करता त्या आता वाचल्या. उरलेल्या चारांसाठी किती खर्च करायचा, एवढंच ठरवायचं आहे.

खर्च किती ते बघू. एफसिंक म्हणजे प्रत्येक पत्र रजिस्टर एडीने पाठवून पोचपावती हातात येईपर्यंत पोस्टाच्या खिडकीपाशीच उभं राहणं. फिरत्या ७२०० आरपीएम डिस्कवर एक फेराच ८.३ मिलिसेकंदांचा. डेटा वेगळा आणि जर्नल वेगळा लिहायचा, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतच एफसिंक होतात. साध्या एसएसडीवर एकेकाला मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद लागतात. वीज गेली तरी कॅशे उतरवायला कपॅसिटर असलेल्या सर्व्हरच्या एसएसडीवर हेच काम काही डझन मायक्रोसेकंदांत होतं, तिथे वाटेल तेवढं करा. म्हणून ‘एफसिंक महाग आहे का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. सेकंदाला हजार ओळी लिहिणाऱ्या वेब सर्व्हरला फिरत्या डिस्कवर तो गळफास ठरेल. दहा सेकंदांना एक ओळ लिहिणाऱ्या तुम्हाला वेगाचा काहीच त्रास नाही.

तुमचा त्रास वेगळा आहे, एसडी कार्डाचा. दिवसाला ८६४० ओळी, ८० बाइटांच्या, म्हणजे मजकूर जेमतेम ७०० केबी. पण प्रत्येक ओळीमागे एफसिंक केलात तर दर वेळी एक ४ केबीचा डेटा ब्लॉक आणि जर्नलचे तीन-चार ब्लॉक लिहावे लागतात. पाच धरले तर दिवसाला १७० एमबीच्या आसपास. कार्डाच्या आत पुसण्याचा ब्लॉक त्याहून कितीतरी मोठा असतो, त्यामुळे खरी झीज आणखी जास्त. चांगल्या कार्डाला हे काही काळ झेपेल. पण चार ओळींसाठी कार्डाचं आयुष्य खर्ची घालणं मला पटत नाही.

म्हणून अशा ठिकाणी मी पातळीप्रमाणे वागतो. साध्या रीडिंगच्या ओळींना फक्त फ्लश. एरर आणि त्यावरच्या नोंदींना, तसंच ‘सुरू झालो’, ‘मोटर चालू केली’, ‘सेटिंग बदललं’ अशा मोजक्या नोंदींना फ्लश आणि वर एफसिंक. पायथनमध्ये यासाठी फाइल हँडलरचा एक छोटा सबक्लास पुरतो. त्याच्या एमिटमध्ये (नोंद लिहिणारं फंक्शन) आधी मूळ एमिट बोलवायचं, त्याने लिहूनही होतं आणि फ्लशही. मग नोंदीची पातळी एरर किंवा जास्त असेल तर ओएस मॉड्यूलमधलं एफसिंक, स्ट्रीमच्या फाइलनोवर (उघड्या फाइलचा क्रमांक). क्रम महत्त्वाचा. फ्लशआधी एफसिंक केलंत तर ओळ अजून पायथनच्याच बफरमध्ये असते आणि तुम्ही तिच्याशिवायच फाइल सिंक करता. ही चूक फार ठिकाणी दिसते आणि चाचणीत पकडलीही जात नाही, कारण ओळ थोड्या वेळाने फाइलमध्ये येतेच.

आणखी एक अडचण: हँडलर एमिटच्या वेळी कुलूप धरून ठेवतो. एसडी कार्ड आतली आवराआवर करत असेल तर एक एफसिंक शंभर मिलिसेकंदांच्याही पलीकडे रेंगाळू शकतो, आणि तेवढा वेळ लॉग लिहू पाहणारे बाकीचे थ्रेडही अडकतात. असिंकआयओ (एकाच थ्रेडमध्ये अनेक कामं चालवणारं पायथनचं मॉड्यूल) वापरत असाल तर सगळा लूपच थांबतो. मग लोक क्यू हँडलर लावून लिहिणं दुसऱ्या थ्रेडकडे देतात. ठीक आहे, पण क्यू ही परत प्रोसेसच्याच मेमरीत आहे. सिगकिल आला की क्यूतल्या ओळी गेल्या, म्हणजे फिरून पहिल्याच प्रश्नापाशी आलात. जावामधल्या लॉगबॅकचा असिंक अपेंडर तर त्याहून पुढे जातो. त्याची २५६ नोंदींची रांग ८० टक्के भरली की इन्फो आणि त्याखालच्या नोंदी तो गुपचूप टाकून देतो. सेटिंग न वाचता तो लावला तर भर गर्दीच्या वेळचाच लॉग विरळ निघतो.

चार ओळीही जाऊ द्यायच्या नसतील, पण कोडमध्ये एफसिंक नको असेल, तर मधला मार्ग आहे. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलची सेटिंग बदलण्याची सोय) डर्टी एक्स्पायर सेंटिसेकंद ३००० वरून ५०० करा आणि डर्टी राइटबॅक सेंटिसेकंद ५०० वरून १००. मग जाण्याची शक्यता साधारण दहा-अकरा सेकंदांवर येते. हे सगळ्या मशीनला लागू होतं, तेव्हा त्यावर दुसरं जड काम चालत असेल तर विचार करून करा.

जर्नलडीकडे (सिस्टमडीचा लॉग ठेवणारा प्रोग्रॅम) लॉग देत असाल तर दोन गोष्टी तपासा. एक, लॉग खरोखर टिकाऊ जागी जातोय का. व्हार-लॉगखाली जर्नल नावाची डिरेक्टरी नसेल तर मूळ सेटिंगमध्ये जर्नल रन डिरेक्टरीत, म्हणजे रॅममध्ये राहतो आणि रीबूटबरोबर पुसला जातो. दोन, जर्नलडी दर ५ मिनिटांनी डिस्कवर सिंक करतो. क्रिटिकल, अलर्ट आणि इमर्जन्सी या पातळ्यांच्या नोंदी तेवढ्या ताबडतोब. एरर त्यात येत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सिंक इंटरव्हल कमी करता येतो. रास्पबेरीच्या काही तयार इमेजमध्ये कार्ड वाचवण्यासाठी अख्खी लॉग डिरेक्टरीच रॅममध्ये ठेवलेली असते. तसं असेल तर एफसिंक करून काहीही साधत नाही. तुमच्या लॉगच्या जागेवर डीएफ (ती जागा कोणत्या फाइल सिस्टमवर आहे ते दाखवणारी कमांड) चालवून बघा. टीएमपीएफएस (रॅममधली फाइल सिस्टम) दिसलं तर आधी जागा बदला.

एफसिंकच्या मर्यादाही सांगून ठेवतो. नवी फाइल तयार केली असेल तर फाइलच्या एफसिंकबरोबर तिच्या डिरेक्टरीलाही एकदा एफसिंक करावं, नाहीतर मजकूर डिस्कवर आहे पण नावच नाही असं होऊ शकतं. मॅकवर साधा एफसिंक डिस्कच्या आतल्या कॅशेपर्यंतच पोचवतो. पुढे ढकलायला एफ-फुलएफसिंक हा वेगळा एफकंट्रोल लागतो. आणि एफसिंकने चूक परत केली तर ‘पुन्हा करून बघू’ हे लिनक्सवर धोक्याचं. पहिल्या अपयशानंतर कर्नल ती पानं स्वच्छ मानू शकतो आणि दुसरा एफसिंक खुशाल यशस्वी म्हणून परततो, मजकूर मात्र गेलेला. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलवाल्यांना हे कळलं तेव्हा मोठी चर्चा झाली, आणि त्यांनी एफसिंक फसला की डेटाबेस सरळ पाडून जर्नलवरून पुन्हा उभा करायचा, असा मार्ग घेतला. लॉगसाठी एवढं टोक गाठायची गरज नाही. चूक आली की ती स्टँडर्ड एररवर ओरडून सांगा, फाइल बंद करून नवी उघडा.

बदल केल्यावर तपासायचं असं. चालत्या प्रोसेसवर एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला करतो ते कॉल दाखवणारी कमांड) लावा, ‘-एफ’ देऊन, आणि फक्त राइट व एफसिंक हे कॉल बघा. आधी १७ मिनिटांत आठेक केबीचा एकच राइट दिसत होता, आता दर १० सेकंदांनी ८० बाइटांचा दिसला पाहिजे आणि एररच्या नोंदीमागोमाग एक एफसिंक. मग ‘किल -९’ करा. शेवटची ओळ फाइलमध्ये हवीच. विजेची चाचणी वायर ओढूनच करा, पण कामाच्या कार्डावर नको, दुसऱ्या कार्डावर. सिसआरक्यू ट्रिगरला (कर्नलला थेट हुकूम देण्याची फाइल) ‘बी’ लिहूनही सिंक न करता तडक रीबूट करता येतं. त्यात कार्डाची वीज जात नाही, त्यामुळे कार्डाच्या आतल्या कॅशेची परीक्षा होत नाही, कर्नलपर्यंतचीच होते.

वीज गेल्यानंतरचा लॉग वाचताना दोन गोष्टींनी दचकू नका. फाइलच्या शेवटाजवळ कधी शून्य बाइटांची रांग सापडते. आकार नोंदला गेला, मजकूर उतरायचा राहिला. अशा फाइलला ग्रेप ‘बायनरी’ समजतो आणि जुळलेल्या ओळी दाखवायचं नाकारतो. ‘-ए’ पर्याय द्या, ओळी दिसतील. आणि रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, त्यामुळे वीज आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंतच्या ओळींवर जुनीच वेळ पडते. त्या ओळी हरवलेल्या नसतात, वेळेनुसार सॉर्ट केल्यामुळे वर जाऊन बसलेल्या असतात.